टीचभर कोरी रेघ

पनवेलच्या जुन्या वस्तीतील आमच्या विष्णुमंदिरात, शनिवारी नैवेद्य आटोपल्यावर कोणी सहज डोकावले असते, तर त्याला एक विलक्षण दृश्य दिसले असते. सभामंडपात या खांबापासून त्या खांबापर्यंत कागदाची अरुंद पट्टी पसरलेली आहे, तिच्या कडेने दोन डॉक्टर, चांगले शिकलेसवरलेले, गुडघ्यांवर रांगत आहेत, आणि पायरीवर बसलेले पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ शाळकरी मुलांच्या पत्र्याच्या कंपासपेटीतून टोकदार डिव्हायडर काढून त्यांच्याकडे सरकवीत म्हणत आहेत, "नाव नको. आधी मोज."

हे गृहस्थ हृदयाच्या ठोक्यांच्या चालीचे वैद्य होते. नव्वदचे दशक नुकते लागले होते. हृदयाचे डॉक्टर असतात हे पनवेलला ठाऊक झाले होते. पण हृदयातही केवळ ठोक्यांची चाल बिघडली म्हणजे ती पाहणारा निराळा डॉक्टर असतो, हे गावाला पटत नव्हते. "उद्या डाव्या डोळ्याचा डॉक्टर वेगळा आणि उजव्याचा वेगळा," असे आमच्या देवळाचे विश्वस्त दामूशेठ म्हणत. दामूशेठ धान्याचे व्यापारी. त्यांना एका पोत्यातले दाणे दोन तराजूंत घातलेले आवडत नसत.

सोमवार ते शुक्रवार डॉक्टर मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात असत. शनिवार-रविवार मात्र पनवेलचे. आमच्या देवळाशेजारी दोन खोल्या घेऊन ते रोगी तपासत आणि मुंबईहून बरोबर आणलेल्या विद्यार्थ्यांना शिकवीत. खोल्या लहान होत्या. म्हणून एके दिवशी ते माझ्याकडे आले. मी त्या मंदिराचा पुजारी, आणि सकाळी शाळेत संस्कृत शिकवीत असे.

"गुरुजी, मला लांब जमीन पाहिजे. पन्नास फूट, सपाट, आणि पंखा नसलेली."

"कशासाठी?"

"डॉक्टरांना रांगायला."

मला वाटले, थट्टा करीत आहेत. परंतु त्यांच्या मुद्रेवर थट्टेचा लवलेश नव्हता. हृदयाची चाल उमटविणारा कागद एका सेकंदाला बोटभर पुढे सरकतो, असे त्यांनी मला बोट धरून दाखविले. दहा मिनिटांच्या ठोक्यांचा कागद पन्नास फूट होतो. इतर डॉक्टर त्यातला वीतभर तुकडा पाहून निदान करतात. यांना सबंध पाहावयाचा असे. पंख्याने कागद उडतो, हे कारण मला मागाहून कळले. "पादत्राणे काढावी लागतील," मी म्हणालो. ते म्हणाले, "काढायलाच हवीत. कागदावर पाय पडेल."

देवासमोर त्यांनी हात जोडलेले मी पाहिले नव्हते. मात्र शिकवणी संपून कागद गुंडाळून झाला की सभामंडपाचा केर ते स्वतः काढीत. विद्यार्थी पुढे झाले तर त्यांना केरसुणी देत नसत. मी मनातल्या मनात तीच त्यांची पूजा समजत आलो.

त्यांचा जन्म जासईकडच्या मिठागरांवरचा. वडील मीठ पिकवीत. विद्वत्तेचा अहंकार त्यांना नव्हता. पण मिठागराचा होता. एकदा मी भाबडेपणाने विचारले, "हृदयात वीज असते म्हणता, ती आली कोठून?" त्यांनी अंगणातल्या मातीत काडीने वाफे आखले. "भरतीचं पाणी आधी वरच्या वाफ्यात येतं. तिथून खाली जायला एकच उघाडी, म्हणजे लाकडी दार. पाणी दाराशी थोडं थांबतं, मग खालच्या वाफ्यांत पसरतं. हे थांबणं फार महत्त्वाचं. दार लवकर उघडलं तर मीठ बिघडतं, उघडलंच नाही तर खालचे वाफे सुकतात. हृदयाचं तेवढंच आहे, गुरुजी. बाकी सगळी इंग्रजी नावं."

अशा घरातून निघून ते मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेले, तेथून हृदयशास्त्राकडे, आणि तेथून विलायतेत, एका वृद्ध आचार्यांपाशी. त्या आचार्यांनी यांना पहिले सहा महिने रोग्याला हात लावू दिला नाही. नुसते कागद मोजावयास लावले. "रोज संध्याकाळी ते यायचे, माझं माप तपासायचे आणि कागद परत माझ्यापुढे टाकून निघून जायचे. शंभर वेळा म्हटलं, बरोबर आहे की! एकदा म्हणाले, बरोबर आहे म्हणूनच पुन्हा मोज." हे ऐकून मला माझे वेदगुरू आठवले. पाठ बिनचूक झाला की ते तो दहादा अधिक म्हणवून घेत. चुकलेल्या पाठाला त्यांच्याकडे एवढा मान नव्हता.

विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा हिशेब मी एकदा बोटांवर केला. आधी साडेपाच वर्षे साधी डॉक्टरकी, मग तीन वर्षे सर्वसाधारण रोगांची, मग तीन वर्षे हृदयाची, आणि त्यानंतर यांच्यापाशी चालीची. "अहो, ही तर आमची बारा वर्षे झाली," मी म्हणालो, "वेदाध्ययनाची." त्यांनी मला उलट विचारले, "मग बारा वर्षांनी तुमची मुलं काय करतात?"

"बहुतेक भिक्षुकी."

"माझीही तेच करतील. फक्त यजमान मोठे असतील."

विद्यार्थी निवडण्याची त्यांची रीत मुंबईत थट्टेचा विषय झाली होती. परीक्षेतील गुण ते पाहत नसत. पहिला प्रश्न असे, "वडील काय करतात?" मोठमोठ्या डॉक्टरांची मुले अभिमानाने उत्तर देत, आणि हे मान हलवून पुढच्याला बोलावीत. मेघना नावाची एक मुलगी आली होती. तिने खाली मान घालून सांगितले, "वीज खात्यात लाइनमन आहेत. तळोज्याला."

"खांबावर चढण्याआधी काय करतात?"

"लाइन बंद आहे का ते स्वतः तपासतात. ऑफिसातून कोणी फोनवर सांगितलं तरी विश्वास ठेवत नाहीत."

"का?"

"ज्यांनी ठेवला त्यांच्या घरी बाबा भेटायला जाऊन आलेत, सर."

तिची निवड तेथेच झाली. ही हकीकत मला स्वतः तिनेच पुढे सांगितली, आणि सांगताना, वडिलांचा व्यवसाय उच्चारताना आपली मान खाली का गेली, याची तिला लाज वाटत होती.

रविवारी सकाळी ते विद्यार्थ्यांना पळस्प्याच्या फाट्यावर ट्रक ड्रायव्हरांच्या नाड्या पाहावयास पाठवीत. निरोगी माणसाची चाल किती प्रकारची असते हे कळल्यावाचून रोग्याची कळत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. पहिल्या रविवारी गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली मेघना आणि तिचा सहाध्यायी बसमधून उतरताच चहाच्या टपरीवरून आरोळी उठली, "अबे भागो, ऑपरेशनवाले आ गये!" कुटुंबनियोजनाची माणसे आली असे समजून दहा-बारा धिप्पाड पुरुष चहा टाकून ट्रकांत चढले. डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा ते हसले नाहीत. "पळाल्यानंतर कोणाची नाडी पाहिलीत का?" म्हणाले. "ती संधी होती."

आता मला माझ्याविषयी सांगणे भाग आहे, कारण त्यावाचून हे चित्र पुरे होणार नाही.

त्या सुमारास जपाला बसल्यावर माझे देहभान हरपू लागले होते. खांबाला पाठ टेकून बसलेला असे. माळ बोटांत थांबे. काही क्षणांनी जागा होई तेव्हा मुखावर उष्णता आणि समोर हात जोडलेले लोक. दामूशेठांनी प्रथम तो शब्द उच्चारला. "समाधी! तेज बघा चेहऱ्यावर!" महिन्याभरात एकादशीला माझ्या पायांवर डोके ठेवावयास रांग लागू लागली. मी नको म्हणत असे. परंतु पाय मागे घेत नसे. आज माझ्या उपासनेचा आढावा घेताना हे वाक्य लिहिणे मला सर्वांत जड जाते.

माझ्या पत्नीने मात्र रांग लावली नाही. ती सरळ शेजारच्या खोलीत गेली आणि डॉक्टरांना म्हणाली, "समाधीत ओठ पांढरे पडतात का हो? यांचे पडतात. आणि घामही येतो, थंडगार."

डॉक्टरांनी माझी नाडी पाच मिनिटे धरली. मग म्हणाले, "एक यंत्र दिवसभर अंगावर बाळगावं लागेल. छातीला तारा चिकटवायच्या, कमरेला टेपरेकॉर्डरसारखी पेटी. ती ठोके टिपून ठेवते."

पेटी चामड्याच्या पिशवीत होती. सोवळ्यात चामडे चालत नाही. शिवाय तारा एकदा लावल्या की अंघोळ नाही, आणि अंघोळीनंतर मला सोवळ्याबाहेरच्या कोणाचा स्पर्श नाही. मी हे सांगितले तेव्हा मेघनाच्या सहाध्यायाने एक दिवस पूजा दुसऱ्याकडे देण्याचे सुचविले. डॉक्टर त्याच्यावर उखडले. "पेशंटचा दिवस बदलायचा नाही. यंत्र बदल. पूजा करताना काय होतं ते पाहायचंय, आणि तू त्यांना पूजेतूनच उठवतोस?"

पुढच्या शनिवारी सूर्योदयाला ते आमच्या अंगणात उभे होते. त्यांनी आडाचे पाणी काढून अंगावर घेतले, ओल्या पंच्याने घरात आले आणि माझ्या छातीला एकेक तार चिकटविली. चामड्याची पिशवी काढून टाकली होती. तिच्या जागी सोवळ्यात चालणाऱ्या धाबळीच्या लोकरी कापडाची, मेघनाच्या आईकडून शिवून आणलेली पिशवी. मिठागरावर जन्मलेला माणूस सोवळ्यात मला स्पर्श करीत आहे, हा विचार माझ्या मनात डोकावला, हे मी लपवीत नाही. त्यांच्या केसांतून पाणी गळत होते आणि हात थंडीने कापत होते. तरी तार नेमकी बसली. तो विचार त्यानंतर पुन्हा आला नाही.

यंत्राबरोबर एक वही होती. कोणत्या वेळी काय केले, काय वाटले, ते लिहावयाचे. मी त्या वहीत, घड्याळ पाहून, सुवाच्य अक्षरात लिहिले: 'दहा वाजून बेचाळीस मिनिटे. जप. चित्त निश्चल. देहभान हरपले. आनंद.'

आठवड्याने त्यांनी विचारले, "तुमच्या कागदावर मुलांना शिकवू का? नाव सांगणार नाही." मी आनंदाने होकार दिला. कारण सांगतो. मला वाटले होते की योग्याची समाधी शास्त्राच्या कागदावर उमटली आहे आणि ती डॉक्टरांनाही पाहण्यासारखी वाटत आहे. मी दामूशेठांनाही बोलावले.

नेहमीप्रमाणे कागद पसरला, त्या दिवसाच्या टेपवरून काढलेल्या जपाच्या दहा मिनिटांचा. विद्यार्थी रांगू लागले. मी खांबाशी निरांजने पुसत बसलो होतो. सहाध्यायी विद्यार्थी पुढे होता. तो हुशार, झरझर जाणारा. एका जागी थबकला, पेन्सिलीने काही लिहिले आणि पुढे सरकला. मेघना मागून मोजत आली, त्याच जागी थांबली. डिव्हायडर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"सर, सहा सेकंद. इथे ठोकाच नाही."

मी वाकून पाहिले. उंचसखल रेघ तेथे सपाट झाली होती. टीचभर कागद, आणि त्यावर नुसती सरळ रेघ. तिच्याखाली विद्यार्थ्याने लिहिले होते: येथे काही नाही.

डॉक्टरांनी ते शब्द पाहिले, खोडले आणि त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिले: मला दिसत नाही. "काही नाही असं लिहायचा अधिकार तुला कोणी दिला? तुला दिसत नाही, एवढंच तू लिहू शकतोस." मग मेघनाला म्हणाले, "किती वाजता?"

"दहा बेचाळीस."

"वहीत पाहा."

तिने वही उघडली आणि वाचू लागली, "जप. चित्त निश्चल. देहभान..." येथे तिचा आवाज थांबला. तिने माझ्याकडे पाहिले. दामूशेठ अधीर झाले होते. "अहो डॉक्टर, समाधी कुठाय ह्याच्यात?"

"दामूशेठ, इथे हृदय थांबलं होतं. पुन्हा चालू झालं तेव्हा चेहऱ्यावर रक्त धावून आलं. ते तुमचं तेज."

"म्हणजे गुरुजींचं काहीच नाही?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. आजवर मी त्यांना इतक्या हळू आवाजात बोलताना ऐकले नव्हते. "गुरुजी, हृदय थांबलं होतं एवढं मी सांगू शकतो. तेव्हा तुम्ही कुठे होतात, ते माझ्या कागदावर येत नाही. पण आज सहा सेकंद आहेत. उद्या किती असतील, ते मला माहीत नाही. छातीत पेसमेकर बसवायला हवा, ठोका थांबला की चालवणारं यंत्र."

मी निरांजन खाली ठेवले आणि म्हणालो, "समाधी देवाने दिलेली आहे. ती काढून घेऊ देण्याचा माझा विचार नाही."

आठ दिवस मी त्याच शब्दांना धरून राहिलो. पत्नी माझ्याशी बोलेनाशी झाली. जपाला बसलो की समोर येऊन बसे आणि माझ्या ओठांकडे पाहत राही. दामूशेठ म्हणाले, "गुरुजी, यंत्राच्या आधारावर समाधी कशी लागायची? विचार करा." ते समाधीच्या बाजूचे होते. जिवाच्या बाजूला घरात एकटी ती होती.

पुढल्या शनिवारी डॉक्टर एकटेच आले. विद्यार्थी नाहीत, कागद नाही. माझ्यासमोर जमिनीवर बसले.

"माझ्या बापाला चक्कर यायची," ते म्हणाले. "मिठागरावर, उघाडीपाशी. उभ्या उभ्या पांढराफटक व्हायचा, पडायचा, परत उठायचा, तेव्हा तोंड लालबुंद. गावातली माणसं म्हणायची, 'आंगात देव आयलाय त्याच्या, हात नको लावू.' कोणी हात लावला नाही. हळद-कुंकू वाहायचे. त्याला बरं वाटायचं, गुरुजी. गरीब माणूस, कधी नाही तो मान मिळाला. एका सकाळी पडला तो गुडघाभर पाण्यात. सगळी काठावर हात जोडून उभी होती. मीही. मला वाटलं, आता उठेल."

मग ते माझ्याकडे पाहून म्हणाले,

"एकदा नाव दिलं की कोणी मोजत नाही. म्हणून मी मुलांना नाव घेऊ देत नाही. माझा बाप देव येऊन मेला. तुम्ही समाधी लागून मरू नका."

दाराआड पत्नी उभी होती. तिने पदर डोळ्यांना लावला, तेव्हा मला कळले की ती आठ दिवस रडलीही नव्हती.

"यंत्र असलेल्या देहाने पूजा चालेल का?" मी विचारले.

"ते तुमचं शास्त्र. मला विचारू नका."

मी विचार केला. माझे वेदगुरू उतारवयात कवळी लावूनच मंत्र म्हणत, आणि कवळीने मंत्र बाटल्याचे कोणी म्हटले नव्हते. मी त्यांना तसे सांगितले. त्या एकाच वेळी मी डॉक्टरांना मोठ्याने हसताना ऐकले.

मुंबईच्या त्या रुग्णालयात ते यंत्र मेघनाने माझ्या छातीत बसविले. डॉक्टर तिच्या मागे, हात पाठीशी बांधून उभे होते. तार जोडण्यापूर्वी तिने ती तपासली. शेजारी कोणीतरी म्हणाले, "मी तपासलीय, मॅडम." तिने पुन्हा तपासली. भूल केवळ त्या जागेपुरती असल्याने मी हे सर्व ऐकत होतो, आणि तळोज्यातल्या त्या लाइनमनला मनोमन नमस्कार करीत होतो.

त्यानंतर समाधी लागली नाही. एकादशीची रांग विरळ होत होत संपली. दामूशेठ नियमाने दर्शनाला येत, पण माझ्या पायांकडे पाहत नसत. जप कोरडा वाटू लागला. माळ थांबत नव्हती, एवढेच. पत्नी मात्र समोर बसणे सोडून आत स्वयंपाकाला लागली होती, आणि मला जपात तिच्या भांड्यांचा आवाज ऐकू येई.

तो पन्नास फुटी कागद आज माझ्या पोथीच्या बासनात आहे. डॉक्टर निवर्तले त्याला वर्षे झाली. मेघना दरवर्षी आपले नवे विद्यार्थी घेऊन येते आणि तोच कागद त्याच सभामंडपात उलगडते. विद्यार्थी रांगत त्या टीचभर कोऱ्या रेघेपाशी आले की थांबतात; कारण तेथे तीन निरनिराळ्या हातांचे लेखन आहे. पहिले खोडलेले. दुसरे डॉक्टरांचे. तिसऱ्याची हकीकत अशी.

यंत्र बसवून वर्ष झाले होते. डॉक्टर कागद घेऊन आले, तेवढाच भाग उलगडला आणि कंपासपेटीतून पेन्सिल काढून माझ्यापुढे ठेवली. "गुरुजी, आता विचारतो. तुमची वही मी वाचली होती. निश्चल, आनंद, सगळं. त्या सहा सेकंदांत खरोखर काय होतं?"

मी डोळे मिटले. चाळीस वर्षांची उपासना साक्षीला बोलाविली. निश्चल हा शब्द माझा नव्हता, पोथीतला होता. आनंद जागा झाल्यानंतरचा होता. समोर हात जोडलेली माणसे पाहून झालेला. मी पेन्सिल घेतली, आणि 'मला दिसत नाही' याच्याखाली, माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिले: मला आठवत नाही.

डॉक्टरांनी ते वाचले. मग कंपासपेटी मिटून म्हणाले, "पास. पहिलीतून दुसरीत गेलात, गुरुजी." आणि केरसुणी घेऊन सभामंडप झाडू लागले.